साठ टक्के अरुंद झालेली मानेची रक्तवाहिनी आणि पक्षाघाताचा धोका

ठाण्यातील वर्तकनगरहून एका मुलाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या वडिलांचे वय ६६ वर्षे असून त्यांना बारा वर्षांपासून रक्तदाब आणि मधुमेह आहे. गेल्या रविवारी सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला, जीभ जड झाली, समोर बसलेल्या सुनेचे नाव त्यांना घेता येईना, आणि दहा-बारा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. फॅमिली डॉक्टरांनी मानेची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली. तिच्यात मेंदूकडे जाणारी डावी कॅरोटिड रक्तवाहिनी ६० टक्के आणि उजवी ४० टक्के अरुंद असल्याचे आढळले. "नस अरुंद झाली म्हणूनच पक्षाघात होतो ना? मग अजून चाळीस टक्के जागा मोकळी आहे, तेव्हा वाट पाहावी, की हृदयात बसवतात तशी स्टेंट बसवून हा धोका एकदाचा संपवावा?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तरातला तातडीचा भाग आधी सांगतो. त्या वेळी रक्तातली साखर फार खाली गेलेली नव्हती याची खात्री असेल, तर त्या दहा मिनिटांना अशक्तपणा किंवा पित्त समजू नका. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटे तुटला होता आणि सुदैवाने तो आपोआप पुन्हा सुरू झाला, असाच त्याचा अर्थ लावला पाहिजे. याला आम्ही टीआयए म्हणतो. अशा झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पुढचे दोन आठवडेही तो बराच राहतो. वडील अजून न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली नसतील तर आजच जा. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः अशाच एका रुग्णाला शुक्रवारी तपासून "सोमवारी रिपोर्ट घेऊन या" असे सांगितले होते, आणि ते रविवारी उजवी बाजू पूर्ण लुळी पडलेल्या अवस्थेत आले. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून टीआयएच्या रुग्णाला मी कधीही थांबवून ठेवलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या मनात नळाच्या पाइपाचे चित्र असते: पाइपात गाळ साचतो, पाणी कमी येते, आणि पाइप पूर्ण बंद झाला की घरात पाणी येत नाही. रक्तवाहिनी साठ टक्के बंद म्हणजे पक्षाघाताच्या साठ टक्के जवळ, असा हिशेब याच चित्रातून निघतो. हे चित्र सोपे आहे, पण मेंदूच्या बाबतीत ते बहुतेक वेळा फसवे ठरते.

शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के वापरतो, आणि त्याच्याकडे दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त जाते. हा पुरवठा खंडू नये म्हणून निसर्गाने भक्कम तरतूद केली आहे. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड आणि मागच्या बाजूने, मणक्यांच्या छिद्रांतून, दोन व्हर्टेब्रल अशा चार वाहिन्या वर जातात, आणि मेंदूच्या तळाशी त्या एका कड्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये या कड्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एक वाहिनी अरुंद झाली तर दुसऱ्या बाजूचे रक्त या कड्यातून वळून येते, आणि पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःहून रुंद होऊन कमतरता भरून काढतात. त्यामुळे कॅरोटिडचा व्यास निम्मा झाला तरी मेंदूला पोहोचणाऱ्या रक्तात सहसा फरक पडत नाही. साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेल्यावर तो जाणवू लागतो. डावी कॅरोटिड हळूहळू पूर्ण बंद झालेली आहे आणि माणूस रोज सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारतो आहे, अशी माणसे मी पाहिली आहेत. याउलट जेमतेम पन्नास टक्के अरुंद असलेल्या वाहिनीमुळे वाचा गेलेली माणसेही पाहिली आहेत.

असे का होते, ते समजण्यासाठी वाहिनीच्या पोकळीपेक्षा तिच्या भिंतीकडे पाहावे लागते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल यांच्यामुळे भिंतीच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षे इजा होत राहते, आणि अस्तराच्या आत चरबीचा थर साचत जातो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. मानेत जिथे मुख्य कॅरोटिडला फाटा फुटतो, तिथे प्रवाहात भोवरे तयार होतात, आणि म्हणून थर नेमका त्या दुभाजकापाशी धरतो. शस्त्रक्रियेत काढलेला असा थर मी ट्रेमध्ये अनेकदा पाहिला आहे. बाहेरून तो चिवट आणि कडक असतो, कुठे चुन्यासारखे खडे लागतात, पण कापल्यावर आतून पिवळसर, भुसभुशीत, खव्यासारखा लगदा बाहेर येतो. या लगद्यावर पातळ आवरण असते, तोवर सगळे शांत असते. एखाद्या दिवशी ते आवरण फाटते, आतला लगदा रक्ताच्या संपर्कात येतो, आणि जखमेवर खपली धरावी तशी तिथे काही मिनिटांत गुठळी धरू लागते. ही गुठळी किंवा तिचा तुकडा प्रवाहाबरोबर वर जाऊन दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत अडकतो, आणि मेंदूचा तो भाग उपाशी राहतो. तुकडा लहान असेल आणि विरघळला तर टीआयए होतो. अडकून बसला तर पक्षाघात होतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत रविवारी असेच घडले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. कप निसटला तो वाहिनीत जागा उरली नाही म्हणून नव्हे, तर बहुधा मानेतल्या थराचा कण सुटून मेंदूत गेला म्हणून.

हाच कण कधी कधी मेंदूऐवजी डोळ्यात जातो, कारण डोळ्याची वाहिनी त्याच कॅरोटिडची शाखा आहे. जांभळी नाक्याजवळचे एक दुकानदार मला सांगत होते की, गल्ल्यावर बसलेले असताना डाव्या डोळ्यापुढे कुणी दुकानाचे शटर वरून खाली ओढावे तशी काळोखी उतरली आणि पाच मिनिटांनी ती वर गेली. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला आणि विषय सोडून दिला. दोन आठवड्यांनी उजवा हात बधिर झाला तेव्हा ते माझ्याकडे आले. एका डोळ्याची अशी क्षणिक अंधारी आणि विरुद्ध बाजूचा पक्षाघात यांचे मूळ मानेतल्या एकाच वाहिनीत असू शकते, हे कॅनडातील न्यूरॉलॉजिस्ट मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये ठामपणे दाखवून दिले. त्याआधी अशा रुग्णांच्या मेंदूतच दोष शोधला जात असे, मानेकडे फारसे कुणी पाहत नसे.

पाइपाचे चित्र खरे ठरते तो प्रकारही आहे, मात्र तो कमी आढळतो. वाहिनी फार अरुंद झालेली असते, कड्यातून येणारी मदत अपुरी असते, आणि अशा वेळी रक्तदाब एकदम खाली जातो. निर्जळी उपवासाच्या दिवशी बीपीची गोळी मात्र नेहमीसारखी घेतलेली, दुपारी झोपेतून उठून उभे राहताच एक हात थरथरायला लागतो, आडवे झाले की थांबतो, अशी हकिगत ऐकली की मी या प्रकाराचा विचार करतो. म्हणून रक्तवाहिनी अरुंद असलेल्या माणसाचा रक्तदाब टप्प्याटप्प्याने खाली आणायचा असतो. घाबरून एका दिवसात गोळ्या दुप्पट करणे त्याला अपायकारक ठरू शकते.

आणखी एक गोष्ट मानेच्या रिपोर्टमधून कळत नाही. आपल्याकडे, एकूणच आशियाई लोकांत, कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे, आणि मानेच्या डॉप्लरमध्ये त्या दिसत नाहीत. त्या पाहण्यासाठी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांची चित्रे काढणारी तपासणी लागते. तिथे स्टेंट बसवण्याचा मोह डॉक्टरांनाही पूर्वी होत असे. मात्र २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टेंट बसवलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना तीस दिवसांच्या आत पक्षाघात किंवा मृत्यू आला, आणि केवळ कसून औषधोपचार केलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. अरुंद जागा दिसली की ती रुंद केलीच पाहिजे, हा विचार किती महागात पडू शकतो, हे त्या आकड्यांमुळे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आले.

शिवाय प्रत्येक पक्षाघाताचे मूळ मानेतच असते असेही नाही. मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या, एक मिलिमीटरहूनही बारीक वाहिन्या दीर्घकाळच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने जाड होऊन बंद पडतात. तेव्हा डॉप्लर अगदी स्वच्छ येते आणि तरीही अर्धे अंग लुळे पडलेले असते. काही रुग्णांत हृदयाची लय बिघडलेली असते, हृदयाच्या कप्प्यात गुठळी धरते आणि ती वर जाते. या आजारात नेहमीची अॅस्पिरिन पुरेशी नसते, गुठळी रोखणारी वेगळ्या वर्गातली औषधे द्यावी लागतात, आणि म्हणून आपल्या वडिलांचा ईसीजी आणि गरज पडल्यास चोवीस तासांचा किंवा त्याहून लांब होल्टर मॉनिटर (अंगावर लावून हृदयाची लय सतत नोंदवणारे यंत्र) हवाच. तरुण माणसांत भिंत आतून चिरली जाऊन वाहिनी अरुंद होते. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. त्या झटक्याने मानेच्या मागच्या वाहिनीला चीर पडू शकते. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की, मान कुणाकडूनही अशी मोडून घेऊ नये.

आणि काही पक्षाघात वाहिनी बंद पडल्याने होत नाहीत, फुटल्याने होतात. भारतात बहुसंख्य पक्षाघात वाहिनी बंद पडल्याने होत असले तरी मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखे नाही, आणि बाहेरून पाहून दोन्हींतला फरक अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. तो फक्त सीटी स्कॅन सांगतो. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात देतात तशी अॅस्पिरिन घरच्या घरी चघळायला देणे पक्षाघातात धोक्याचे आहे. ज्या रक्तदाबाने एक वाहिनी जाड होऊन बंद पडते, त्याच रक्तदाबाने दुसरी कमकुवत होऊन फुटते.

आता आपल्या रिपोर्टमधल्या आकड्याविषयी. डॉप्लर यंत्र साठ टक्के हा आकडा थेट मोजत नाही. बागेच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात जाते, तसे अरुंद जागेतून रक्त वेगाने जाते, आणि त्या वेगावरून अंदाज बांधला जातो. वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला तर पन्नास टक्क्यांहून अधिक, २३० च्या वर गेला तर सत्तर टक्क्यांहून अधिक, असा ढोबळ ठोकताळा आहे. तपासणाऱ्याचा हात आणि यंत्राचा कोन बदलला की आकडा पंचावन्नचा पासष्ट होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या डॉप्लरवर घेऊ नये. सीटी अँजिओग्राफीने तो आकडा पडताळून घ्यावा, आणि मेंदूचा एमआरआय करून डाव्या बाजूला ताजे ठिपके उमटले आहेत का ते पाहावे. मूत्रपिंडाचे काम मंद असेल तर सीटीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून डॉक्टरांना जरूर सांगावे, मधुमेही रुग्णात हे विसरले जाते.

बाजूंचा मेळ घालणेही तितकेच महत्त्वाचे आहे. डावा मेंदू उजव्या अंगाला चालवतो आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. आपल्या वडिलांचा उजवा हात आणि वाचा गेली, म्हणजे डावी कॅरोटिड ही लक्षण दाखवलेली वाहिनी आहे. उजवीतले चाळीस टक्के हे वयाचे आणि आजाराचे चिन्ह आहे. त्यावर औषधे पुरेत, तिला हात लावण्याचे कारण नाही.

लक्षण दाखवलेल्या वाहिनीबाबत चांगला पुरावा उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून मिळाला. १९९१ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. वाहिनी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांत केवळ औषधे घेणाऱ्या शंभरांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर मानेवर छेद घेऊन थर काढून टाकलेल्यांत ९ जणांना झाला. पुढे १९९८ मध्ये पन्नास ते एकोणसत्तर टक्क्यांच्या गटाचे निष्कर्ष आले. तिथे पाच वर्षांत औषधांवर सुमारे २२ आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे १६, असा फरक होता. पन्नास टक्क्यांच्या खाली शस्त्रक्रियेचा उपयोग दिसला नाही. आपले वडील मधल्या गटात येतात, जिथे फायदा आहे पण तो माफक आहे. पुरुषांत, वय अधिक असलेल्यांत आणि झटका नुकताच येऊन गेलेल्यांत तो जास्त मिळतो. हेही लक्षात घ्यावे की त्या काळी कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आजच्यासारख्या सर्रास दिल्या जात नव्हत्या, त्यामुळे आजची औषधे नीट घेणाऱ्यात हा फरक त्याहून कमी असण्याची शक्यता आहे. शस्त्रक्रिया करायची ठरली तर ती दोन आठवड्यांच्या आत झाली पाहिजे, कारण थर तेव्हाच सर्वांत जास्त अस्थिर असतो. तीन महिन्यांनी केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ या गटात जवळजवळ उरत नाही.

स्टेंटचे म्हणाल तर तो पर्याय आहे, पण हृदयातली उपमा इथे लागू करू नका. मानेतल्या भुसभुशीत थरातून तार आणि फुगा पुढे नेताना कण सुटून वर जाऊ शकतो, आणि वर मेंदू आहे. सत्तरीच्या पुढच्या रुग्णांत छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरली आहे. ज्यांचे हृदय भूल सोसू शकत नाही, किंवा ज्यांच्या मानेला आधी रेडिएशन दिलेले आहे, त्यांना स्टेंट बरी. सर्जनना एक प्रश्न संकोच न करता विचारा: "आपल्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांमध्ये किती जणांना पक्षाघात किंवा मृत्यू आला?" लक्षणे असलेल्या रुग्णांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत असेल तरच शस्त्रक्रियेचा हिशेब जमतो. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, औषधे कायमची आहेत, कारण चाकू एका जागेवरचा थर काढतो आणि आजार सगळ्या वाहिन्यांत असतो. टीआयएनंतर साधारणपणे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी धरू न देणाऱ्या दोन गोळ्या तीन आठवडे एकत्र दिल्या जातात आणि मग एकच चालू ठेवली जाते. दोन्ही मनानेच वर्षभर घेत राहिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आणते, आणि थरावरचे आवरण घट्ट करण्याचे कामही करते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती बंद करायची नसते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवणे हे आपले उद्दिष्ट आहे. रक्तदाब काही आठवड्यांत १३०/८० च्या खाली यावा. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण सगळे आले. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या रुग्णांना सुका बोंबील सोडा असे सांगणे मला जड जाते, तरी तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, महिन्यातून एक-दोनदाच खा, एवढे मी सांगतोच. 'नसा साफ करणारे' सलाईन लावून घ्यावे का, असेही अनेक जण विचारतात. त्याने मानेतला थर जातो किंवा पक्षाघात टळतो याला पुरावा नाही. ते पैसे औषधांवर आणि चांगल्या बीपी यंत्रावर खर्च करा.

या आठवड्यात अँजिओग्राफी आणि एमआरआय होऊन निर्णय होईपर्यंत वडिलांना घरी एकटे ठेवू नका. घरापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळी काढण्याची सोय आहे, हे आजच फोन करून विचारून ठेवा, कारण संध्याकाळी घोडबंदर रोडची वाहतूक तुंबलेली असताना दोन रुग्णालये फिरायला वेळ मिळणार नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तारेने गुठळी काढणे निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत शक्य असले, तरी प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरत असतात. तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले, तर ते मागच्यासारखे आपोआप जाईल म्हणून थांबू नका. पाणी पाजू नका, कोणतीही गोळी देऊ नका, १०८ ला फोन करा आणि ते शेवटचे नीट कधी बोलले ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्या. रुग्णालयात पहिला प्रश्न त्या वेळेचाच असतो, आणि इंजेक्शन देता येईल की नाही हे तिच्यावरून ठरते.